ग्रेड ५ टायटॅनियम: तीन जॉबमागे एक कॉर्नर जातोय

कुंडईचा_टर्नर | ८ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचं लहान युनिट आहे. दोन सीएनसी लेथ आणि एक जुना व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). आजवर माइल्ड स्टील, ईएन ८, ३१६ स्टेनलेस एवढंच केलं. यंदा पहिल्यांदा ग्रेड ५ टायटॅनियमचं, म्हणजे सिक्स-फोरचं (सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम) काम आलंय. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या शाफ्टवर बसणाऱ्या स्लीव्ह करायच्या आहेत. ३१६ च्या स्लीव्हना खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात, म्हणून गिऱ्हाइकाने टायटॅनियम मागितलं. बार ४२ मिमीचा, १२० मिमी लांबीचं टर्निंग, दीड मिमीचे दोन कट घेऊन ३६ वर आणायचं, मग बोअर.

घरात स्टील कापायचा कोटिंगवाला इन्सर्ट होता, म्हणजे टूलवर बसवायची कार्बाइडची सुटी टीप, निळ्या पट्टीच्या डबीतला सीएनएमजी. तोच लावला. ८३० आरपीएम, फीड फेऱ्याला ०.१२ मिमी. पहिला जॉब सुरेख आला. दुसऱ्याला आवाज बदलला, तिसऱ्याला टोकच गेलं. टीप फार सोसतेय असं वाटलं म्हणून फीड निम्म्यावर, ०.०६ वर आणला. तरी चौथा जॉब काही बघायला मिळाला नाही. उलट टीपच्या बाजूला, धारेखाली, घासल्यासारखा चकचकीत पट्टा उठायला लागला.

बारचा कडकपणा तपासून घेतला, रॉकवेलवर ३४-३५ एचआरसी. ३८ चं ईएन २४ स्टील आम्ही याच टीपने कापतो आणि काही होत नाही. मग ह्यात असं काय आहे? गणेश चवथीआधी १२० नग द्यायचे आहेत. आतापर्यंत टिपांचे नऊ कॉर्नर, म्हणजे कापणारी टोकं, गेले, दोन नग बाद झाले. या बारचा भाव बघता बाद झालेला एकेक नग जिवाला लागतो.

डिचोलीकर | ८ जुलै, रात्री ११:०२

हाच अनुभव मला डुप्लेक्स स्टेनलेस स्टीलवर आला होता. फीड आणखी कमी करून बघा, ०.०३ पर्यंत. टीपवर जोर कमी पडेल.

चोर्लापार | ९ जुलै, सकाळी ७:२०

डिचोलीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे हा सल्ला उलटा पडेल म्हणून स्पष्ट लिहितो. मी बेळगावला उद्यमबागेत सेटर आहे, सहा वर्षं टायटॅनियमवर आहे. ०.०३ फीडला धार कापतच नाही. टीपच्या टोकाला स्वतःची थोडी गोलाई असते, कोटिंगच्या टीपला तर जास्तच. फीड त्या गोलाईच्या जवळ आला की धातू पुढे ढकलला जातो, दाबला जातो, आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा तोच दाबलेला भाग टीपखाली येतो. तो चकचकीत पट्टा त्याचाच आहे. टायटॅनियममध्ये टूल कापत तरी असलं पाहिजे, नाहीतर लांब तरी. मधल्या मध्ये टेकवून ठेवायचं नाही.

फर्मागुडी_मास्तर | ९ जुलै, रात्री ९:४०

चोर्लापार यांनी अर्धं काम केलंय. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. टर्नरभाऊंनी विचारलेला प्रश्न, ‘याहून कडक स्टील कापतो मग हे का नाही’, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कडकपणात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे आमटी ढवळायला करवंटीची डवली असते. उकळत्या आमटीत ती कितीही वेळ राहू द्या, दांडा हाताला लागत नाही. ॲल्युमिनियमचा डाव ठेवा, दोन मिनिटांत बोटं भाजतात. सिक्स-फोर हा धातू असून वागतो डवलीसारखा. साध्या कार्बन स्टीलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ५० च्या आसपास, तर ह्याची जेमतेम ७, एकक दोन्हीकडे वॅट प्रति मीटर केल्व्हिन. स्टील कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर, म्हणजे कापून निघालेल्या किसाबरोबर, निघून जाते, थोडी जॉबमध्ये मुरते. टायटॅनियममध्ये चिप ती घेत नाही, जॉब घेत नाही, मग उरली कोण? टीप. कापताना निर्माण झालेल्या उष्णतेचा ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा टूलमध्ये जातो असं अभ्यासात मांडलेलं आहे.

त्यात भर म्हणजे टायटॅनियमची चिप टीपच्या वरच्या पृष्ठावर फार थोडा वेळ टेकते. स्टीलची चिप चांगली लांब घासत जाते, ही लगेच उचलली जाते. म्हणजे सगळा दाब आणि सगळी उष्णता धारेला लागूनच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात. तुमचं टोक ‘झिजत’ नाही, ते आधी मऊ पडतं आणि मग ढासळतं.

दुसरं कारण लवचिकपणा. स्टीलचा यंग मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कल, ह्याचा ११४. टूलने दाबलं की जॉब जवळपास दुपटीने मागे सरतो, टूल पुढे गेलं की पुन्हा वर येतो आणि धारेखालच्या बाजूला घासतो. फ्लँक वेअर, म्हणजे धारेखालच्या बाजूची झीज, स्टीलपेक्षा लवकर वाढतो त्यात ह्या परत उसळण्याचा मोठा हात आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थंड असताना टायटॅनियम कुणाच्या वाटेला जात नाही. अंगावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे तर ते समुद्राच्या पाण्यात टिकतं, तुमच्या स्लीव्हचा सगळा जीव त्या थरात आहे. पण ५०० अंशांच्या वर ते हाताशी येईल त्याला चिकटतं. कार्बाइडच्या टीपमध्ये टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. तापलेलं टायटॅनियम धारेवर वितळजोड दिल्यासारखं बसतं, टीपमधला कार्बन आणि कोबाल्ट त्यात मुरत जातो, टीप आतून पोखरली जाते आणि वर खड्डा (क्रेटर) पडतो. मग तो चिकटलेला गोळा निघतो तेव्हा एकटा निघत नाही, धारेचा तुकडा घेऊन निघतो. तुमच्या मोडलेल्या टीपवर चंदेरी खरखरीत थर दिसतोय का बघा. दिसलाच पाहिजे.

आता तुमचे आकडे. ३.१४ गुणिले ४२ गुणिले ८३०, भागिले १०००. येतात मिनिटाला १०९ मीटर. स्टीलला हा कटिंग स्पीड कमीच म्हणायचा. सिक्स-फोरला साध्या कार्बाइडने सुरुवात ४५ ते ६० मध्ये करतात. ५० धरा, म्हणजे ४२ व्यासाला ३८० आरपीएम. दुखणं फीडमध्ये नव्हतंच. फीड कमी केल्याने तापमान थोडंसंच उतरतं, स्पीड कमी केल्याने खूप उतरतं.

टेलर यांनी १९०७ साली मांडलेलं सूत्र आयटीआयच्या प्रत्येक मुलाने पाठ केलेलं असतं: स्पीड गुणिले आयुष्याचा एन-वा घात बरोबर स्थिरांक. कार्बाइडला एन साधारण ०.२५ धरला तर स्पीड अर्धा केल्यावर आयुष्य दुप्पट होत नाही, सोळापट होतं. कागदावरचं सोळापट मशीनवर तसंच्या तसं येईल असं मी म्हणणार नाही, कारण झिजेची तऱ्हा बदलली की सूत्र सरळ चालत नाही. पण स्पीडचा हात किती लांब पोचतो ते यातून कळतं.

कुंडईचा_टर्नर | १० जुलै, दुपारी १:३०

मास्तर, इतकं लिहिलंत, मनापासून आभार. चंदेरी थर आहे. नखाने निघत नाही.

मालकांशी बोललो. ते म्हणतात स्पीड निम्मा म्हणजे प्रॉडक्शन निम्मं, चवथीला माल जाणार कसा?

चोर्लापार | १० जुलै, दुपारी २:१०

मालकांना कागदावर हे दाखवा. आत्ता तुम्ही ८३० आरपीएमला ०.०६ फीडने चालता, म्हणजे मिनिटाला ५० मिमी. उद्या ३८० आरपीएमला ०.१५ फीडने चाललात तर मिनिटाला ५७ मिमी. स्पीड निम्म्याहून खाली, आणि तरी जॉब आधी उतरतो. शिवाय मधे मधे टीप बदलून ऑफसेट घेण्यात जाणारा वेळ वाचला तो वेगळाच.

टीप मात्र बदला. निळी पट्टी स्टीलची. तपकिरी पट्टीचा एस गट मागवा, कोटिंग नसलेला बारीक कणांचा कार्बाइड, किंवा अगदी पातळ पीव्हीडी कोटिंगचा. तुमच्या टीपवरचं जाड सीव्हीडी कोटिंग धार बोथट करतं. आणि नावातलं तिसरं अक्षर बघून घ्या. सीएनएमजी मधला एम म्हणजे साच्यात दाबून भाजलेली टीप. सीएनजीजी मधला जी म्हणजे बाजू ग्राइंड केलेली, तिची धार हाताला कळते इतकी वेगळी असते. फोंड्यात नाही मिळाली तर सांगा, इथून चोर्ला घाटाने गाडी रोज येते.

डिचोलीकर | १० जुलै, रात्री ८:४५

चोर्लापार, माझा सल्ला चुकीचा होता, मान्य. डुप्लेक्सवरही मी बहुधा घासतच होतो, आता उद्या तिथला फीड वाढवून बघतो. एक विचारतो: इन्कोनेलला (निकेलच्या मिश्रधातूला) सिरॅमिक टीप चालते, तशी ह्याला?

फर्मागुडी_मास्तर | १० जुलै, रात्री ९:१५

नको. सिरॅमिक स्वतः उष्णता नीट वाहून नेत नाही आणि तापलेल्या टायटॅनियमशी त्याची रासायनिक प्रक्रिया होते. फार लवकर जातं. फिनिशिंगला पीसीडी म्हणजे हिऱ्याची टीप चालते, पण १२० नगांसाठी तो खर्च मी करणार नाही.

सूक्ष्ममापी | ११ जुलै, सकाळी ६:५०

मी वेर्ण्याला क्वालिटीत आहे, मशीन चालवत नाही, पण झिजलेल्या टिपा रोज बघते. एक विनंती. टोक मोडेपर्यंत टीप चालवू नका, आणि मोडलेल्या टीपवरून निदानही करू नका. मोडल्यावर सगळा पुरावा गेलेला असतो. टोक कशाने गेलं, घासून की चिकटून की ठोका बसून, ते मोडण्याआधीच्या टीपवर दिसतं.

संगणकाला जोडायचा साधा मायक्रोस्कोप घ्या. दर दोन जॉबनंतर टीप काढा, धारेखालच्या झिजलेल्या पट्ट्याची रुंदी मोजा, वहीत लिहा. पट्टा सारखा असेल तर सरासरी ०.३ मिमी ही आयएसओ ३६८५ मधली आयुष्याची मर्यादा आहे. पण ती चाचणीसाठी ठरवलेली. तुमच्या महाग जॉबवर मी ०.२ लाच कॉर्नर बदलेन. पट्टा आधी पटकन वाढतो, मग बराच वेळ संथ, आणि मग एकदम. टायटॅनियममध्ये हे ‘एकदम’ फार एकदम असतं, आवाज ऐकून मशीन थांबवेपर्यंत जॉब गेलेला असतो.

वापरलेला कॉर्नर टाकू नका. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कितवा जॉब, किती पट्टा असं लिहून ठेवा.

कुंडईचा_टर्नर | ११ जुलै, रात्री १०:३०

ताई, हे आजपासूनच करतो. आत्तापर्यंतचे नऊही आहेत, ड्रॉवरमध्येच पडले होते.

वास्को_फिटर | १२ जुलै, संध्याकाळी ६:०५

टीपबद्दल बाकीच्यांनी लिहिलंय, मी चिपबद्दल लिहितो. बोथट टीपने बारीक फीडवर कोरडं कापत राहिलात तर ठिणगी उडते, आणि टायटॅनियमची बारीक चिप पेटते. मी एका ठिकाणी हे प्रत्यक्ष बघितलंय. चिपच्या ट्रेमध्ये पांढराशुभ्र प्रकाश झाला, बघवेना. एक मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला, सुदैवाने मिस्त्रीने त्याला धरलं. जळत्या टायटॅनियमवर पाणी गेलं तर हायड्रोजन सुटतो. सीओटू सिलिंडरही उपयोगाचा नाही, हे त्या वायूतही जळतं. धातूच्या आगीची डी वर्गाची पावडर हवी, नाहीतर कोरडी रेती.

कोरडी हा शब्द आपल्याकडे जुलैत नीट वाचायला हवा. लाल बादल्या बहुतेक ठिकाणी शेडबाहेर टांगलेल्या असतात आणि पावसात रेतीचा चिखल झालेला असतो. उद्या सकाळी पहिलं काम बादली आत घ्या, रेती बदला, झाकण घाला. रोजच्या चिप रोज उचला, स्टीलच्या भंगारात मिसळू नका. मिसळलेल्या भंगाराला टायटॅनियमचा भावही मिळत नाही.

कुंडईचा_टर्नर | १९ जुलै, रात्री ११:२०

बादली दुसऱ्याच दिवशी आत आणली. ती ओलीच होती.

बेळगावहून टिपा आल्या. ५० मीटर, ०.१५ फीड, जी ९६ लावून, म्हणजे व्यास बदलला तरी कटिंग स्पीड तोच राहतो. पहिल्या जॉबला कट घेतानाचा आवाज ऐकून मी मशीनजवळून हललो नाही, इतका वेगळा होता, खोल आणि सारखा. चिप चंदेरी, आधी निळसर काळी यायची. भिंगाखाली तिला करवतीसारखे दात दिसले, ते टायटॅनियमला नेहमीचेच असं ऑपरेटरला सांगितलं.

आज वहीत: दुसऱ्या जॉबनंतर ०.०७, सहाव्यानंतर ०.१२, दहाव्यानंतर ०.१९. दहाव्याला बदलला. एकही टोक मोडलं नाही.

कूलंटचंही लिहितो, कारण त्याने मला वाटलं त्याहून जास्त फरक पडला. सगळं बरोबर करूनही पहिल्या दिवशी सहाव्या जॉबलाच पट्टा ०.२ वर गेला होता. दार उघडून नीट बघितलं तर नळी चिपवर पाणी मारत होती आणि चिप ते उडवून लावत होती. धार कोरडीच. आता दोन नळ्या केल्यात, एक वरून धारेवर, एक खालून टीप आणि जॉबच्या मधल्या फटीत. आणि रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं तर कूलंट ४ टक्के होतं. पावसाळ्यात कुणीतरी नुसतं पाणीच वाढवत होतं. ९ वर आणलं. ७० बारचा पंप लावला तर अजून आयुष्य मिळतं म्हणतात, तो आमच्या आवाक्यात नाही.

चोर्लापार | २० जुलै, सकाळी ७:१५

छान. कूलंट कुठलं ते गिऱ्हाइकाला एकदा विचारून घ्या. टायटॅनियमला क्लोरीनवालं तेल बरेच जण चालू देत नाहीत, पुढे ताणाखाली भेगा जाण्याची भीती असते. आणि चवथीच्या सुट्टीआधी टाकी रिकामी करून धुवा. पाच दिवस साचलेलं कूलंट कुजतं आणि सुट्टीवरून आल्यावर तेच टीपवर पडतं.

मालगुंडवासी | २० जुलै, रात्री ९:००

मशीनमधलं मला फार कळत नाही, पण वाचत होतो. आमच्या मालगुंडच्या किनाऱ्यावर जी काळी रेती आहे त्यात इल्मेनाइट असतं, टायटॅनियमचं खनिज. तुमच्या दोना पावलाच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या लोकांनी या किनाऱ्याचा अभ्यास केला होता. लहानपणी आम्ही त्या रेतीत लोहचुंबक फिरवायचो. तोच धातू कुंडईत कुणाला इतका छळतोय हे वाचून फार जवळचं वाटलं.

फर्मागुडी_मास्तर | २० जुलै, रात्री ९:३०

मालगुंडवासी, रेतीपासून धातूपर्यंतचा रस्ताही खडतर आहे. केरळात चवऱ्याला २०११ पासून टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे सच्छिद्र कच्च्या धातूचा कारखाना आहे, वर्षाला ५०० टन क्षमतेचा. हे तंत्रज्ञान आपल्याच देशात विकसित झालं. ऑक्सिजन लागू न देता हा धातू वेगळा करावा लागतो, म्हणून तो महाग. जो चिकटपणा तिथे भट्टीत त्रास देतो तोच इथे टीपला देतो.

कुंडईचा_टर्नर | ६ ऑगस्ट, रात्री १०:५०

७६ नग झाले आणि नवी अडचण आली. बारचा दुसरा लॉट कालपासून लावला. सगळं तेच, तरी चौथ्या जॉबलाच टीपला खाच. टोकाला नाही, टोकापासून दीड मिमीवर, जिथे जॉबचं वरचं कातडं टीपला लागतं तिथे. बाकी धार नवी आहे.

सूक्ष्ममापी | ७ ऑगस्ट, सकाळी ६:४०

जागा नेमकी सांगितलीत म्हणून सोपं झालं. नॉच आहे, एकाच जागी पडणारी खाच. दोन्ही लॉटचे बार शेजारी ठेवून पृष्ठ बघा.

कुंडईचा_टर्नर | ७ ऑगस्ट, दुपारी १:१०

बघितले. पहिला लॉट सोललेला, चकचकीत. दुसरा काळपट, रोलिंगचा जसाच्या तसा.

फर्मागुडी_मास्तर | ७ ऑगस्ट, दुपारी ३:००

तर मग ते अल्फा केस आहे. टायटॅनियम गरम असताना हवेतला ऑक्सिजन कातड्यात शोषून घेतं, आणि तो थर कडक, ठिसूळ होतो. टीपचा एकच बिंदू सतत त्याच्यावर आपटतोय. पहिला कट १.५ चा न घेता २ चा घ्या, दुसरा १ चा. म्हणजे दोन कटमध्ये टीपवरची जागा बदलेल आणि कातडं पहिल्याच फेरीत पूर्ण निघेल. आत शिरण्याआधी बारच्या कडेला ४५ अंशाचा चॅम्फर वेगळ्या जुन्या टीपने मारून घ्या, म्हणजे नवी टीप थेट त्या कवचावर ठोका खाऊन सुरुवात करणार नाही.

चोर्लापार | ७ ऑगस्ट, दुपारी ३:४०

आणि पुढच्या ऑर्डरला ‘पील्ड बार’ असं लिहूनच द्या. किलोमागे थोडं जास्त पडेल, टिपांत परत येईल.

कुंडईचा_टर्नर | २२ ऑगस्ट, रात्री ९:३५

१२० नग आज गेले. दुसऱ्या लॉटला चॅम्फर आणि २-१ चे कट लावल्यावर आठ जॉब मिळत होते, पहिल्या लॉटइतके नाही, पण खाच आली नाही. शेवटच्या ११८ नगांत एकही बाद नाही.

फर्मागुडी_मास्तर | २२ ऑगस्ट, रात्री १०:००

फार आनंद झाला. एक मागणं आहे. ती डबी तुमच्या उपयोगाची नसेल तर आयटीआयसाठी द्याल का? मी अजून कधीकधी जातो तिथे. मुलांना फ्लँक, क्रेटर, नॉच हे फळ्यावर काढून दाखवतो, खरं कधीच दाखवायला मिळालं नाही.

कुंडईचा_टर्नर | २२ ऑगस्ट, रात्री १०:२०

मास्तर, शनिवारी साडेअकराला घेऊन येतो. एकूण पंचवीस कॉर्नर आहेत, नव्या टिपांच्या प्रत्येक कॉर्नरवर जॉबचा आकडा आणि पट्टा लिहिलाय. निळ्या पट्टीचे पहिले नऊ वेगळ्या पुडीत ठेवलेत, त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही, तेव्हा मोजत नव्हतो. मायक्रोस्कोपही आणतो, मुलांना तिथेच बघता येईल.